वहीतले खाडे

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत)

पत्र लिहिणाऱ्या बाई 41 वर्षांच्या आहेत. हिशेब विभागात नोकरी, घरी नवरा आणि आठवीतली मुलगी. मागच्या वर्षी त्यांनी सकारात्मक मानसशास्त्रावरची एक ऑनलाइन कार्यशाळा केली. तेव्हापासून आठ महिने त्यांचा एक नेम आहे. सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी आनंदी आहे, मी समर्थ आहे’ असं दहा वेळा म्हणायचं, रात्री कृतज्ञतेच्या वहीत दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि झोपण्यापूर्वी मोबाइलवर दिवसभराच्या मनःस्थितीला दहापैकी गुण द्यायचे. पहिले तीन आठवडे छान गेले. आता गुण पाच-सहाच्या वर सरकत नाहीत.

त्या लिहितात, “वही उघडली की चीड येते आणि चीड आली म्हणून अपराधी वाटतं. कार्यशाळेत सांगितलं होतं की 40 टक्के आनंद आपल्या हातात असतो. मग माझे 40 टक्के कुठे गेले? सात महिन्यांपूर्वी शेजारच्या टेबलावरची सहकारी नोकरी सोडून गेली. तिचंही काम माझ्याकडेच आहे. पण नोकरी आहे हेच भाग्य, असं मी वहीत लिहिते. नवरा म्हणतो, तू फार विचार करतेस. मुलगी काही सांगायला येते तेव्हा माझं लक्ष नसतं आणि रात्री त्याचंच वाईट वाटत राहतं. अधूनमधून पहाटे चारला जाग येते. वहीतही दोनदा खाडे पडले. एकदा ताई राहायला आली होती ते चार दिवस, आणि एकदा ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलाला जुन्या खात्यांचा मेळ घालायला शिकवत होते तो आठवडा. माझ्यात शिस्तच नाही. माझं नेमकं काय चुकतंय? आनंदी होण्याची कुवतच माझ्यात कमी आहे का? की हे सगळं थोतांड आहे?”

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. ते वाक्य कोणतं ते जरा पुढे सांगते. त्याआधी तुमच्या मानगुटीवर बसलेल्या दोन-तीन गोष्टी खाली उतरवायला हव्यात.

थोतांड आहे का, हा तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. थोतांड नाही. पण मूळ अभ्यास आणि तुमच्यापर्यंत पोचलेला नेम यांत बरंच अंतर पडलेलं आहे. ‘सकारात्मक मानसशास्त्र’ हा शब्द एब्राहम मॅस्लो यांनी 1954 मध्येच वापरला होता, तरी त्याची रीतसर शाखा झाली ती मार्टिन सेलिगमन यांच्यामुळे. 1998 मध्ये ते अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस मोडतो कसा, याचा अभ्यास आपण पुष्कळ केला. तो उभा कसा राहतो, कशात रमतो, कशामुळे त्याला जगणं मोलाचं वाटतं, याचाही तितक्याच काटेकोरपणे करू या. दुःखाला घराबाहेर काढा, चिडू नका, सदैव हसतमुख राहा, असलं काही त्यात नव्हतं. ते नंतर चिकटलं. कार्यशाळा भरवायच्या, ॲप विकायची, तर ‘थोडा फरक पडतो, काहींना पडतो, काही दिवस पडतो’ असं सांगून कोण पैसे देणार?

आता तुमची वही. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा प्रयोग सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केला. तो एका आठवड्याचा होता. सात रात्री, बस्स. शिवाय प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली हेही लिहायचं होतं. त्याचा चांगला परिणाम सहा महिने टिकलेला दिसला, पण ज्यांना गोडी लागली आणि ज्यांनी आपणहून ते चालू ठेवलं त्यांच्यात तो जास्त दिसला. त्याआधी 2003 मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी केलेल्या एका प्रयोगात लोक आठवड्यातून एकदा लिहीत होते, दहा आठवडे. आणि सोनिया ल्युबोमिरस्की यांनी तर दोन गट करून पाहिले. एक आठवड्यातून एकदा लिहिणारा, दुसरा तीनदा. बरं वाटलं ते एकदाच लिहिणाऱ्यांना. तीनदा लिहिणाऱ्यांना काही फरक पडला नाही.

तुम्ही आठवड्यातून सात वेळा लिहिताय आणि आठ महिने लिहिताय. औषधाच्या बाटलीवर एक चमचा लिहिलेलं असताना वाटीभर पिऊन ‘गुण येत नाही’ म्हणावं, तसं झालंय हे. दोष तुमचा नाही म्हणा, चमचा किती ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.

मी स्वतः हा उद्योग केलेला आहे. तिसऱ्या आठवड्यात मी ‘वरीलप्रमाणे’ असं लिहायला लागले. तेव्हा स्वतःवरच हसले आणि वही बंद केली. मन कुठल्याही गोष्टीला सरावतं, कृतज्ञतेलासुद्धा. रोज तेच उचलून पाहिलं की त्याची धार जाते. या सरावण्याबद्दल 1978 चा एक प्रयोग फार सांगितला जातो. लॉटरी लागलेली 22 माणसं इतरांपेक्षा फारशी सुखी नव्हती, आणि रोजच्या बारीकसारीक गोष्टींतली त्यांची मजा कमी झाली होती. हे खरं आहे. पण त्याच प्रयोगात अपघाताने अपंगत्व आलेली 29 माणसंही होती आणि ती इतरांपेक्षा कमी सुखी होती, हा अर्धा भाग व्यासपीठावरून सहसा गाळला जातो. माणूस सगळ्यालाच सारखा सरावतो असं नाही. परिस्थितीला किंमत असते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आरशासमोरची वाक्यं उद्यापासून बंद करा. यात मला दुसरी बाजू दिसत नाही. कॅनडातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हे तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळातच बरं होतं, त्यांना अशी वाक्यं म्हणून किंचित बरं वाटलं. ज्यांचं नव्हतं, म्हणजे ज्यांच्यासाठी ती वाक्यं म्हणून विकली जातात, त्यांना उलट वाईट वाटलं. कारण समजायला सोपं आहे. तुम्ही ‘मी आनंदी आहे’ म्हणता आणि आतला हिशेबनीस लगेच विचारतो, व्हाउचर कुठंय? दहा वेळा म्हटलं की दहा वेळा विचारतो.

आणि गुण. आयरिस मॉस यांचा 2011 चा एक अभ्यास आहे. आनंद किती महत्त्वाचा, हे सांगणारा मजकूर काही जणांना आधी वाचायला दिला आणि मग एक आनंदी चित्रफीत दाखवली. ज्यांनी तो मजकूर वाचला होता त्यांना चित्रफीत पाहून कमी आनंद झाला. आपल्याला जितका व्हायला हवा तितका होत नाहीये, ही रुखरुख मध्ये आली. तुम्ही रोज रात्री स्वतःची परीक्षा घेता, स्वतःच पेपर तपासता, आणि सहा गुण पडले की स्वतःलाच रागावता. दिवस सहा गुणांचा असेलही, त्यानंतरची दहा मिनिटं मात्र तीन गुणांची होतात. ॲप काढून टाका.

तुमच्या हरवलेल्या 40 टक्क्यांचाही तपास लावते. तो आकडा 2005 मधल्या एका लेखातून आला. माणसामाणसांत सुखाचं प्रमाण कमीजास्त का असतं, यातला निम्मा फरक जन्मजात घडणीमुळे, दहा टक्के परिस्थितीमुळे आणि उरलेला 40 टक्के आपण काय करतो यामुळे असावा, असा तो ढोबळ अंदाज होता. मोठ्या समूहातल्या फरकांचा. एका बाईच्या एका आयुष्याची अशी वाटणी होत नाही. शिवाय त्या लेखाच्या कर्त्यांनीच पुढे तो आकडा बराच सैल केला. या शाखेला आकड्यांचा मोह जरा जास्तच आहे. चांगल्या भावना वाईट भावनांच्या 2.9013 पट असल्या की माणूस बहरतो, असंही 2005 मध्ये गणित मांडून सांगितलं गेलं होतं. चार दशांश स्थळांपर्यंत! काही वर्षांनी निक ब्राउन नावाच्या, नोकरीतून निवृत्तीकडे आलेल्या आणि तेव्हा अर्धवेळ शिकत असलेल्या विद्यार्थ्याला त्या गणिताचा संशय आला. त्याने भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांना सोबत घेतलं आणि दाखवून दिलं की ते समीकरण इथे लागूच पडत नाही. गणिताचा तो भाग मागे घ्यावा लागला. तुम्ही हिशेबातल्या आहात, नको तिथे दशांश दिसला की काय समजायचं ते तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा कुवत कमी आहे का, याचं उत्तर असं की स्वभाव थोडाफार जन्मतः येतो. कुणी मुळात उल्हासी असतं, कुणी नसतं. पण तुमच्या पत्रातून तरी मला कुवतीचा प्रश्न दिसला नाही. मला दिसलं ते वेगळंच.

‘नोकरी आहे हेच भाग्य, असं मी वहीत लिहिते.’ हे तुमचं वाक्य मला खुपलं. सात महिने दोन माणसांचं काम एकटी ओढणाऱ्या बाईला राग येणं ही काही मनाची बिघडलेली अवस्था नाही. राग बरोबर आहे. तो निरोप घेऊन आला होता की इथे काहीतरी न्याय्य नाही, बघ जरा. तुम्ही दार उघडलं, त्याच्या हातात कृतज्ञतेची वही दिली आणि दार लावून घेतलं. असं सात महिने रोज. वही उघडली की चीड येते म्हणता, ती वहीची चीड नाही. बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या माणसाची ती चीड आहे.

‘नोकरी आहे हे बरं आहे’ आणि ‘माझ्यावर दुप्पट काम लादलंय हे बरोबर नाही’, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. पहिल्याने दुसरं खोडायचा प्रयत्न करू नका. कुणी आपल्याला चांगलं वागवलं, त्याची जाण ठेवणं ही कृतज्ञता. कुणी वाईट वागवलं तरी गप्प बसणं याला वेगळा शब्द आहे.

सेलिगमन यांच्याच कामातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. 1967 मध्ये त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते (आज वाचवत नाहीत). काही कुत्र्यांना विजेचे वेदनादायक झटके बसायचे, ते थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. पुढे सुटकेची वाट समोर असतानाही त्यातले बरेचसे जागेवरच पडून राहिले. यावरून ‘शिकलेली हतबलता’ ही कल्पना आली. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, या दोघांनी मेंदूविषयीच्या नव्या माहितीच्या आधारे आपलीच कल्पना उलटी केली. दीर्घकाळ त्रास झाला की हातपाय गाळून बसणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे की आपण काही केलं तर फरक पडतो. आपलंच गाजलेलं म्हणणं आपणच दुरुस्त करायचं, याला मोठेपणा लागतो, असं मला आपलं वाटतं.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. तुम्हाला सध्या हवी आहे ती ‘मी केलं आणि फरक पडला’ याची चव. ती वहीत मिळणार नाही, मॅनेजरच्या टेबलासमोर मिळेल.

पण तिथे जाण्याआधी राग थोडा कागदावर उतरवा. जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, दिवसाला 15 मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं होतं. काय झालं आणि काय वाटलं, दोन्ही. लिहून झाल्यावर लगेच त्यांना जरा जडच वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत ते दवाखान्यात कमी वेळा गेले. तुम्ही फक्त ऑफिसबद्दल लिहा. शुद्धलेखन, सभ्यता, दोन्ही बाजूला ठेवा. चारच दिवस. त्यानंतर कागद फाडा किंवा ठेवा, पण पाचव्या दिवशी लिहू नका. त्याचाही नेम करून टाकाल तुम्ही, मी आता ओळखते तुम्हाला.

मग दोन आठवडे एक कोरडी नोंद ठेवा. कोणतं काम, मूळचं कुणाचं, किती वेळ लागला. यात भावना नकोत, फक्त तास. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. नोंद घेऊन वरिष्ठांकडे जा आणि ‘मला झेपत नाही’ असं म्हणू नका, कारण तुम्ही झेपवलेलंच आहे आणि तोच पेच आहे. सात महिने सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर वरच्यांना जागा भरायची घाई कशाला असेल? त्यांच्या दृष्टीने जागा रिकामीच नाही. ती तुम्ही भरून ठेवली आहे. म्हणून तास दाखवा आणि पर्याय मांडा. जागा कधी भरणार ती तारीख द्या, किंवा यातली ही ही कामं दुसऱ्याकडे द्या, किंवा कामाप्रमाणे पगार आणि पद बदला. निवड त्यांना करू द्या, पण निवड करायला लावा.

‘नाही’ म्हणाले तर? याची कल्पना आधी करून ठेवा. गाब्रिएल ओटिंगन यांनी बरीच वर्षं हेच तपासलं आहे. हवं ते मिळाल्याचं गोड चित्र नुसतं डोळ्यांसमोर आणत राहिलं की उलट हातून कमी घडतं. चित्राशेजारी अडथळाही ठेवला आणि ‘अडथळा आला तर मी अमुक करीन’ असं ठरवून टाकलं की घडण्याची शक्यता वाढते. तुमचा अडथळा बहुधा साहेबांचा नकार नसेल. साहेब गोड बोलतील, ‘तुमच्याशिवाय कोण आहे?’ म्हणतील, आणि तुम्ही विरघळाल. तर आत्ताच ठरवा, ‘त्यांनी कौतुक केलं, तर मी आभार मानून पुन्हा तारीख विचारीन.’ एवढं एकच वाक्य तयार ठेवा.

आणि अगदीच दाद लागली नाही, तर वाटा दोन-तीन आहेत. त्यातली एकही फुकट नाही. वेळेवर उठून घरी यायचं आणि काम तुंबू द्यायचं, यात नाराजी ओढवते आणि तुमच्या स्वभावाला ते पहिले काही दिवस फार जड जाईल. दुसरीकडे नोकरी शोधायची, यात वेळ जातो आणि 41 व्या वर्षी नवी घडी बसवावी लागते. आहे तसं चालू ठेवायचं, ही वाटही काही काळ पत्करावी लागू शकते. घरच्या जबाबदाऱ्या मला माहीत नाहीत, तेव्हा त्यावर नाक मुरडणार नाही. मात्र तसं केलं तर ते मुदत ठरवून करा. ‘अमुक महिन्यापर्यंत मी हे समजून-उमजून करत आहे’ असं स्वतःशी म्हणणं आणि ‘भाग्य माझं’ असं म्हणणं, यांतलं पहिलंच खरं आहे. घाईने राजीनामा मात्र देऊ नका. चीड चांगली निरोप्या आहे, सल्लागार तितकी चांगली नाही.

आता रेघ मारलेलं वाक्य. ‘वहीतही दोनदा खाडे पडले.’

तुम्ही ते कबुलीजबाबासारखं लिहिलंय, शिस्त नसल्याचा पुरावा म्हणून. जरा ते खाडे कुठे पडले ते बघा. ताई घरी होती तेव्हा. आणि एका नवख्या मुलाला आपल्याला नीट येणारं काम शिकवत होता तेव्हा. आठ महिन्यांच्या वहीतली मला सगळ्यात बोलकी वाटलेली पानं ही कोरी पानं आहेत. ज्या दिवशी आनंदाचा हिशेब लिहायचं तुम्ही विसरलात, त्या दिवशी बहुतेक तो घरीच होता.

ऑफिसातल्या त्या आठवड्यात काय झालं असेल याचं वर्णन मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी करून ठेवलं आहे. 1970 च्या दशकात त्यांनी लोकांजवळ पेजर दिले. दिवसात केव्हाही तो वाजायचा आणि त्या क्षणी काय करताय, कसं वाटतंय ते टिपायचं. त्यांना दिसलं की काम आपल्या कौशल्याला पुरेपूर आव्हान देणारं असलं, पुढचं पाऊल कोणतं ते स्पष्ट असलं आणि बरोबर चाललंय की नाही ते लगेच कळत असलं, की माणूस त्यात बुडून जातो. घड्याळ विसरतो. गंमत अशी की त्या वेळी ‘मी आनंदी आहे’ असं त्याला वाटतच नाही. तेवढी फुरसत नसते. ते नंतर वाटतं. तुम्हाला तर नंतरही वाटलं नाही, कारण रात्री वही उघडून पाहिलीत तर तिथे खाडा होता, आणि खाडा म्हणजे नापास.

तेव्हा पुढचे काही आठवडे उलटा शोध घ्या. कशाबद्दल कृतज्ञ आहे हे विचारू नका. आज कुठे घड्याळ विसरले होते? कुणाशी बोलताना मोबाइल कुठे ठेवलाय ते आठवलं नाही? रोज विचारू नका, आठवड्याच्या शेवटी एकदा पुरे. पाच-सहा वेळा विचारलंत की एक नक्षी दिसायला लागेल. आणि मग ते घडण्यासाठी वेळ मोकळा करा. आनंदाची इच्छा धरण्यापेक्षा त्याच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावरचा पसारा उचलणं जास्त हातातलं आहे. शिकवणं तुम्हाला येतं असं दिसतंय. वरिष्ठांपुढे पर्याय मांडाल तेव्हा ‘नवीन माणसाला मी तयार करते’ हाही त्यात घाला. तुमचं ओझंही उतरेल आणि तुम्हाला आवडतं ते कामही पदरात पडेल.

नवऱ्याबद्दल फार लिहीत नाही. ‘तू फार विचार करतेस’ असं म्हणणाऱ्या माणसाला बहुधा आपण काय करावं ते सुचलेलं नसतं. त्यांना काम नेमून द्या. ‘दहा मिनिटं ऐक, उपाय सांगू नकोस’ असं सांगितलं तर बरेचसे नवरे सुटकेचा निःश्वास टाकतात.

मुलीबद्दल मात्र लिहिते. शेली गेबल यांचं 2004 पासूनचं काम मला या सगळ्या शाखेत रोजच्या वापराचं म्हणून फार आवडतं. आपलं माणूस दुःख सांगायला येतं तेव्हा आपण कसे वागतो, इकडे सगळ्यांचं लक्ष असतं. गेबल यांनी विचारलं, चांगली बातमी घेऊन येतं तेव्हा कसे वागतो? कुणी उत्साहाने विचारपूस करतं. कुणी नुसतं ‘छान’ म्हणतं. कुणी त्यातली खोट काढतं, तर कुणी विषयच बदलतं. नात्याला बळ येतं ते पहिल्या तऱ्हेने. बाकीच्या तिन्ही तऱ्हांनी काही ना काही घटतं, ‘छान’ म्हणूनसुद्धा. मुलगी येऊन म्हणाली की आज वर्गात माझं चित्र लावलं, तर हातातलं खाली ठेवा आणि दोन प्रश्न विचारा. कुठलं चित्र? लावलं तेव्हा तू कुठे होतीस? दोन प्रश्नांना चार मिनिटं लागतात. रोज जमणार नाही. जमेल त्या दिवशी करा आणि न जमलेल्या दिवसांची वही ठेवू नका.

पहाटे चारची जाग मी विसरलेले नाही. ऑफिसच्या ताणाने झोप मोडू शकते. पण दोन आठवडे किंवा जास्त दिवस बहुतेक वेळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, लक्ष लागत नसेल, तर तो खिन्नतेचा आजार असू शकतो. मग मानसोपचारतज्ज्ञांना किंवा आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल तर आजच, आणि घरातल्या एका माणसाला सांगून. नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर कृतज्ञतेच्या सरावाचा परिणाम अगदी थोडाच होतो, असं अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या अभ्यासातही दिसलं आहे. कुणाला हाड मोडल्यावर आपण हळद लावून बस म्हणत नाही. हे पत्र वाचणाऱ्या आणि असाच नेम करणाऱ्या इतरांनाही हे सांगून ठेवते. वही लिहूनही बरं वाटत नसेल तर तुमची श्रद्धा कमी पडली असं समजू नका. दुखणं वहीच्या आवाक्याबाहेरचं असू शकतं.

वहीचं काय करायचं? मला विचाराल तर महिनाभर कपाटात टाका. नंतर वाटलं तर आठवड्यातून एकदा लिहा, ठरलेल्या वारी नाही, काही लिहावंसं वाटेल तेव्हा. आणि वस्तू किंवा परिस्थिती लिहिण्यापेक्षा माणूस लिहा, आणि त्याने नेमकं काय केलं ते लिहा. ‘तब्येत चांगली आहे’ यापेक्षा ‘आज लिफ्ट बंद होती तेव्हा अमुकने माझी जड फाइल वर आणून दिली’ हे लिहायला वेळ लागतो, म्हणून ते सरावाचं होत नाही. त्याहून बरं म्हणजे लिहूच नका, त्या माणसाला सांगा. सेलिगमन यांच्या त्या 2005 च्या अभ्यासात सगळ्यात मोठा तात्पुरता फरक याने पडला होता. ज्याचे आभार कधी नीट मानले नाहीत अशा माणसाला पत्र लिहून ते स्वतः वाचून दाखवायचं. परिणाम महिनाभराने ओसरला, पण महिना काही थोडा नाही.

तुमच्या मनात असं माणूस कोण आहे मला ठाऊक नाही. चार दिवस राहून गेलेल्या ताईंपासून सुरुवात करता येईल. पत्र वगैरे जड वाटलं तर फोन करा आणि त्या पुन्हा कधी येताहेत ते विचारा.

दोन महिन्यांनी मला कळवा. गुण नकोत, साहेब काय म्हणाले ते.